अज्ञान भागधारक आणि सज्ञान बाप

सन १८४१ मध्ये लंडनच्या चॅन्सरी न्यायालयासमोर एका तरुणाचे प्रकरण आले. नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थाने मृत्युपत्राद्वारे आपले ईस्ट इंडिया कंपनीचे भाग त्याच्यासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केले होते. मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लाभांश मुद्दलात मिळवीत जावे आणि मग सारे त्याच्या हवाली करावे, असे लिहून ठेवले होते. मुलगा एकविसाव्या वर्षी, म्हणजे त्या काळच्या कायद्याप्रमाणे सज्ञान होताच, न्यायालयाच्या दारात उभा राहिला. जे माझे आहे ते मला आताच द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले. मालमत्ता निखालस त्याची असेल, तिच्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नसेल, तर सज्ञान मालकाला स्वतःच्याच वस्तूसाठी आणखी चार वर्षे तिष्ठत ठेवण्याचा अधिकार मृत दात्याला नाही आणि जिवंत विश्वस्तांनाही नाही. ‘साँडर्स विरुद्ध व्हॉटियर’ या नावाने हा निर्णय इंग्रजी कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो.

ज्या भागांवरून हा वाद झाला ते कशावर पोसले जात होते, हे आपल्या वाचकाने विसरू नये. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार संपुष्टात आला होता. तरी तिच्या भागधारकांना दर साल साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावा, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती. दख्खनच्या रयतेने भरलेला शेतसारा त्या महसुलात होताच. म्हणजे लाभांश एकाच्या घामातून निघत होता आणि दुसऱ्याच्या नावे जमा होत होता. भांडवलाच्या जगात हे नवे नाही. पण याच प्रश्नाचे एक घरगुती रूप आज ब्रिटनमध्ये पाहावयास मिळते आणि त्याचे धागे आपल्या पुण्या-मुंबईपर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ब्रिटनमध्ये खासगी मर्यादित कंपनी काढणे ही फार मोठी गोष्ट नाही. एकटा संगणक अभियंता, एखादा दुकानदार, दाताचा डॉक्टर, कोणीही कंपनी काढतो, तिचा संचालक होतो आणि पगाराऐवजी बहुतांश मिळकत लाभांशाच्या रूपाने घेतो. आपल्याकडून तिकडे गेलेल्या अभियंत्यांपैकीही अनेकांनी हा मार्ग धरला आहे. इथपर्यंत सारे रीतसर आहे. पुढे कोणीतरी सल्लागार त्याच्या कानात सांगतो की, घरात दोन लहान मुले आहेत, त्यांना भागधारक करा.

सल्ल्यामागचे गणित सोपे आहे. ब्रिटनमध्ये व्यक्तीला मिळणारी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा जन्माबरोबर मिळते. त्यासाठी वयाची अट नाही. २०२१ पासून ही मर्यादा १२,५७० पौंड आहे. लाभांशासाठी वेगळी सवलत आहे. ती २०१६ मध्ये ५,००० पौंड होती, २०१८ मध्ये २,००० झाली, २०२३ मध्ये १,००० आणि २०२४ मध्ये ५००. बापाच्या डोक्यावरची सवलत अशी आक्रसत गेली, तसतसे पाळण्यातल्या बाळाच्या नावावरची कोरी मर्यादा त्याला अधिकच मोहात पाडू लागली, यात नवल नाही. दोन मुलांच्या नावे वर्षाला सव्वीस हजार पौंडांचा लाभांश पडला आणि त्यावर एक पैचाही कर लागला नाही, तर त्या दोघांच्या खासगी शाळेच्या फीचा मोठा भाग सुटतो. त्यातच १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर वीस टक्के मूल्यवर्धित कर बसला. तेव्हा या गणिताची गोडी आणखी वाढली असणार.

मुलाने भागधारक होण्यास कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यान्वये अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबीच्या खटल्यात सांगितले. इंग्लंडमध्ये तसे नाही. तेथे अज्ञान भागधारकाचा करार तोवर उभा राहतो, जोवर तो स्वतः तो झुगारून देत नाही. संचालक होण्यास मात्र सोळा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. गमतीचा भाग असा की, हा निर्बंधही ऑक्टोबर २००८ मध्ये अमलात आला. त्याआधी इंग्लंडमध्ये संचालकाला किमान वयच नव्हते आणि त्या दिवशी जे सोळा वर्षांखालील संचालक निबंधकाच्या दप्तरात होते त्यांची पदे आपोआप गेली! दोन वर्षांच्या बाळाचे भाग प्रत्यक्षात बहुधा बाप किंवा आईच विश्वस्त म्हणून धारण करते. इंग्लंड-वेल्समधील कंपनीच्या नोंदवहीत विश्वस्त-व्यवस्थेचा उल्लेख करण्यास कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे वहीत नाव बापाचे दिसते. मूल मालक आहे ही गोष्ट घरातल्या एखाद्या कागदावरच राहते.

ब्रिटिश सरकार या प्रकाराबाबत गाफील आहे असे कोणी समजू नये. १९३६ साली, नेव्हिल चेंबरलेन अर्थमंत्री असताना, आई-बापांनी अविवाहित अज्ञान मुलाला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न आई-बापांचेच धरावे, असे कलम कायद्यात आले. तीनच वर्षांनी, १९३९ मध्ये, कोपमन विरुद्ध कोलमन हा खटला झाला. कंपनीने विशेष हक्काचे भाग मुलांच्या नावे काढले होते. मुलांकडून आलेली रक्कम नगण्य होती, लाभांश मात्र भरघोस होता. हा व्यापार नसून आई-बापांनी केलेली देणगी आहे, असे न्यायालयाने ठरवले. १९८९ मध्ये दोन वास्तुविशारद बंधूंचे प्रकरण गाजले. भाग मुलांच्या नावे होते. भागांची किंमत अगदीच किरकोळ, काम मात्र बंधूंचे, धोका बंधूंचा आणि मोबदला शून्य. केवळ भागांची किंमत कोणी भरली एवढेच पाहावयाचे नाही, कंपनीला मूल्य कोणाच्या श्रमाने आले ते पाहावयाचे, असा त्या निर्णयाचा रोख होता. मला तो फार मोलाचा वाटतो. आजही नियम असा आहे की, आई किंवा बाप यांपैकी एकाच्या देणगीतून मुलाला वर्षाला १०० पौंडांहून अधिक उत्पन्न झाले, तर वरचेच नव्हे, ते सारेच उत्पन्न त्या पालकाच्या नावे करपात्र ठरते.

पत्नीची गोष्ट वेगळी. २००७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने एका संगणक-सल्लागार दांपत्याच्या बाजूने कौल दिला. पतीने कमवावे, पत्नीने एका साध्या भागाच्या आधारे निम्मा लाभांश घ्यावा, हे त्या निर्णयाने वैध ठरले, कारण पति-पत्नींमधील पूर्ण स्वरूपाच्या देणगीला कायद्यातच अपवाद आहे. पत्नीला चालते तर मुलांना का नको, असे पुष्कळांना वाटले. मुलांसाठी तसा अपवाद नाही, हेच त्याचे उत्तर.

मग सल्लागारांनी आजोबांना गाठले. कायदा आई-बापांविषयी बोलतो, आजी-आजोबांविषयी नाही. आजोबांनी स्वतःच्या पैशातून नातवाला काही दिले, तर त्याचे उत्पन्न नातवाचेच धरले जाते. ज्या आजोबांनी स्वतः धंदा उभारला, भाग खरोखर ज्यांचे आहेत, त्यांनी ते नातवाला देण्यात कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु प्रत्यक्षात दुसराच प्रयोग सुरू झाला. कंपनीने नव्या वर्गाचे भाग काढावयाचे. त्यांवर मोठ्या लाभांशाचा हक्क ठेवावयाचा. आजोबांनी किंवा एखाद्या काकाने ते बाजारभावाच्या कितीतरी खाली विकत घ्यावयाचे, लगोलग मुलांसाठी विश्वस्त-व्यवस्थेत टाकावयाचे. मग बापाने त्या भागांवर लाभांश जाहीर करावयाचा आणि त्यातून शाळेची फी भरावयाची. २०२३ साली ब्रिटनच्या महसूल खात्याने नेमक्या याच योजनेविरुद्ध जाहीर इशारा प्रसिद्ध केला. आजोबा येथे केवळ मधला हात आहेत, खरा दाता बापच, असे खात्याचे मत आहे आणि ते मला पूर्णतः पटते.

आपल्या घरांशी या गोष्टीचा संबंध येतो तो येथे. समजा, साताऱ्याला किंवा पुण्याला निवृत्त झालेले एक शिक्षक आहेत. त्यांचा मुलगा ब्रिटनमध्ये आहे. तो फोनवर म्हणतो, ‘बाबा, काही कागद पाठवतो आहे, फक्त सही करा, नातवंडांच्या शिक्षणासाठीच आहे.’ बाबा सही करतात. मुलाचे शब्द आणि नातवंडांचे शिक्षण, या दोहोंपुढे कोणता आजोबा प्रश्न विचारील? परंतु परदेशी कंपनीचे भाग घेण्यास रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. परदेशातील मालमत्ता भारतीय रहिवाशाला आयकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते आणि ती लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली भारी दंडाची तरतूद आहे. ज्या माणसाने जन्मभर फक्त पगाराचे आणि पुढे निवृत्तिवेतनाचे विवरण भरले, त्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. मुलाने ते त्याला सांगितलेले नसते, कारण मुलालाही ते माहीत नसते. लंडनच्या सल्लागाराला तर त्याच्याशी कर्तव्यच नसते.

आपल्याला या प्रकाराचे नैतिक आश्चर्य वाटावे असे नाही. दुसऱ्याच्या नावावर आपली मालमत्ता ठेवण्याला ‘बेनामी’ हा नेमका शब्द आपल्याकडेच आहे आणि १९८८ च्या बेनामी व्यवहारविरोधी कायद्यातून, ज्ञात उत्पन्नातून मुलाच्या नावे घेतलेली मालमत्ता सुटली आहे. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा सातबाऱ्यावर अज्ञान मुलांची नावे चढू लागली. पुढे दुरुस्ती करून नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक ‘कुटुंब घटक’ धरावा लागला. आयकरातही तोच अनुभव आला. १९९२ मध्ये डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना अज्ञान मुलाचे सारे उत्पन्न, ते कोणीही दिलेल्या मालमत्तेतून आलेले असो, आई किंवा बाप यांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्यात मिळवावे, अशी तरतूद झाली. मुलाने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळवलेले तेवढे वगळले. म्हणजे आजोबांचे जे दार ब्रिटनने उघडे ठेवले आहे, ते आपण तीस वर्षांपूर्वीच बंद केले. एका बाबतीत तरी आपला कायदा त्यांच्याहून चतुर ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु दोन्ही कायदे एकाच ठिकाणी अपुरे पडतात. कर कोणी भरावा, एवढेच ते विचारतात. मुलाला मिळाले काय, हे कोणी विचारत नाही. माझा मुख्य मुद्दा हा आहे.

दोन बाप डोळ्यांसमोर आणावे. पहिल्याने मुलीला साधे, मताधिकारासह भाग दिले. लाभांश तिच्या नावे खात्यात साठू दिला, एक पौंड काढला नाही. अठराव्या वर्षी ते खाते आणि ते भाग तिच्या हाती ठेवावयाचे, मग ती विद्यापीठात जावो, धंदा काढो किंवा सारे विकून जगप्रवासाला निघो. दुसऱ्याने ‘क’ वर्गाचे भाग काढले. त्यांना मत नाही. लाभांश केव्हा व किती, हे संचालक, म्हणजे तो स्वतः, ठरवणार. लाभांश आला की तो शाळेच्या फीत, सुटीच्या सहलीत, म्हणजे जो खर्च त्याला एरवीही करावाच लागला असता त्यात जिरतो. मुलगी अठरा वर्षांची होते तेव्हा ‘क’ भागांवर लाभांश जाहीर होणे थांबते आणि तिच्या हाती उरतो तो एक कोरडा कागद. व्हॉटियरच्या निर्णयाचा हक्क तिलाही आहे. पण ज्या नळाची तोटी बापाच्या हातात आहे, तो नळ मागून तिला काय मिळणार? बापाने तिला देणगी दिलीच नाही. तिचे नाव अठरा वर्षे उसने घेतले आणि भाडे न देता परत केले.

आता ब्रिटनचा कायदा या दोघांना कसा वागवतो ते पाहा. ९ मार्च १९९९ पूर्वी, पालकाने साध्या विश्वस्त-व्यवस्थेत दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न मुलासाठी साठवून ठेवले आणि खर्च केले नाही, तर ते पालकाचे धरले जात नसे. खर्च केले की धरले जाई. त्या दिवसापासून तो भेद पुसला गेला. त्यानंतरच्या व्यवस्थांत साठवणारा आणि उडवणारा दोघेही एकाच रांगेत उभे राहिले. सरकारची भीती निराधार नव्हती. धनिक लोक मुलांच्या नावे मोठ्या रकमा साठवून करमुक्त मर्यादा वर्षानुवर्षे वापरीत राहिले असते. तरीही ज्या एका बापाने खरोखर दिले होते, त्यालाच त्या दुरुस्तीने दात्याच्या यादीतून काढले. उलट, आजोबांच्या हाताने देणारा दुसरा बाप, महसूल खात्याने पकडेपर्यंत, सुखाने फी भरीत राहतो. हे उलटे झाले आहे.

माझ्या मते रेषा आखावयाची ती देणारा कोण या प्रश्नावर नव्हे, तर पैसा गेला कोठे या प्रश्नावर. अज्ञान मुलाच्या नावे आलेला लाभांश जर पालकाने करावयाच्या खर्चात गेला, तर तो पालकाचा धरावा, मग मूळ भाग बापाने दिलेले असोत, आजोबांनी वा काकांनी. आणि तो जर अठराव्या वर्षापर्यंत अस्पर्श राहिला, तर एका ठराविक मर्यादेपर्यंत तो मुलाचा मानावा, मग देणारा बाप का असेना. ज्या भागांना मत नाही आणि ज्यांचा लाभांश एकाच माणसाच्या मर्जीवर आहे, त्यांना या सवलतीतून वगळावे.

यावर आक्षेप येतील, ते मी ऐकले आहेत. अनाथ नातवाला आजीच सांभाळत असेल तर? तेथे खर्च टाळणारा पालकच नाही, तेव्हा प्रश्न उद्भवत नाही. अपंग मुलाच्या उपचारांचा खर्च? त्यासाठी वेगळी तरतूद सहज करता येईल. करखात्याला प्रत्येक घरातील फीच्या पावत्या तपासाव्या लागतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण आजही तेच खाते आजोबांनी भागांची किंमत कोठून आणली, हे तपासतेच. पावती शोधणे त्याहून अवघड नसावे.

एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो की, कर वाचवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. कायद्याच्या चौकटीत तो आहेच. पण ज्या ब्रिटनमध्ये आरोग्यसेवा सर्वांना मोफत आहे, शासकीय शाळा मोफत आहेत, तेथे पगारावर काम करणारी परिचारिका हातात पगार पडण्याआधीच कर देऊन मोकळी होते. तिच्याजवळ आपल्या बाळाच्या नावे करावयाला ‘क’ वर्गाचे भाग नाहीत. तिच्या कोऱ्या मर्यादेचा उपयोग तिच्या बाळाला काहीच नाही. आपल्याकडच्या कारकुनाला आणि शिक्षकाला ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. कर उगमस्थानीच कापून घेतला जातो म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुन्हा साताऱ्याच्या त्या गुरुजींकडे वळू. कागद त्यांच्या टेबलावर आहे. मुलाला दुखवावे असे त्यांना वाटत नाही आणि तशी आवश्यकताही नाही. त्यांनी त्याला पत्र लिहून एवढेच विचारावे की, या भागांची किंमत मी कोणत्या पैशातून देणार आहे, तो पैसा माझा आहे की तुझा? आणि नातीच्या नावे येणारा लाभांश कोणत्या खात्यात जमा होईल, त्या खात्याचा उतारा तिला अठराव्या वर्षी दाखवशील ना? इंग्लंडच्या कायद्यात लाभार्थीला विश्वस्ताकडे हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आज नात पाच वर्षांची आहे. आणखी तेरा वर्षांनी ती आपल्या बापासमोर बसून तो उतारा मागू शकेल आणि प्रत्येक वर्षाची रक्कम कोठे गेली, हे त्याला तिला सांगावे लागेल.